चौबळांचा ऐरावत

श्यामसुंदर चौबळांचा हलक्या वस्तूंवर विश्वास नव्हता. मुलुंडला 'स्नेहदीप' सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या या गृहस्थांनी स्वतः आराखडा काढून जे जे बनवून घेतलं होतं, ते एकदा जिथे ठेवलं तिथून पुन्हा म्हणून हललं नाही. त्यांच्या पुस्तकांच्या कपाटामागे पाल मेली, तेव्हा कपाट सरकवायला अर्धी सोसायटी बोलवावी लागली आणि शेवटी सगळ्यांनी घाम पुसत असं ठरवलं, की वास काय, आपोआप जाईल. भांडुपच्या एका कारखान्यात ते ड्रॉइंग ऑफिसात होते. "चौबळ, जरा पातळ काढा हो," असं साहेब त्यांना वर्षानुवर्षं सांगत आले होते आणि चौबळांचं उत्तर ठरलेलं होतं. "साहेब, पातळ वस्तू वाकते."

अशा माणसाच्या हाती पाटीएवढा, रबरी बटणांचा, उशीखाली मावेल असा कॉम्प्युटर पडावा, यालाच नशीब म्हणतात. वसुधाबाईंच्या भावाने तो मस्कतहून आणला होता. टीव्हीला जोडायचा, कॅसेट प्लेअरवर कॅसेट लावायची, प्लेअरने मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज काढला की समजायचं, खेळ आत चालला आहे. सोबत आलेल्या कॅसेटींत एक खेळ रणगाड्यांचा होता. चौबळांनी तो एकदाच पाहिला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"हा रणगाडा?" ते म्हणाले. "हे तर झुरळ आहे. बघ, बघ कसं वळतंय! साठ टनांचं धूड असं जागच्या जागी गर्रकन वळेल?"

"अहो, खेळच आहे ना तो?" वसुधाबाई म्हणाल्या. त्या शाळेत शिकवायच्या आणि घरी आल्यावर कोणालाही काहीही शिकवायची त्यांची इच्छा नसायची.

"खेळ झाला म्हणून काय झालं? वजन म्हणून काही चीज आहे की नाही?"

त्या दिवशी चौबळांनी ठरवलं, की जगाला एक खरा जड रणगाडा दाखवायचा. नावही तिथल्या तिथे ठरलं. ऐरावत.

पुढचा महिनाभर चौबळांच्या घरातला रंगीत टीव्ही नुसता नावाला टीव्ही राहिला. संध्याकाळी ऑफिसातून आले, चहा घेतला, की चौबळ टीव्हीपुढे मांडी घालून बसत. कॉम्प्युटरला भाषा शिकवायचं एक पुस्तक मांडीवर, रणगाड्यांवरची लायब्ररीतून आणलेली दोन जाडजूड पुस्तकं डाव्या हाताला. वसुधाबाईंचा शनिवारचा सिनेमा गेला, नाटकं गेली, बातम्यासुद्धा गेल्या. त्याबदल्यात त्यांना जेवताना रणगाडा मिळायला लागला.

"वसुधा, रणगाडा म्हणजे तडजोड असते. चिलखत, तोफ आणि वेग. यातल्या कुठल्याही दोन घ्यायच्या नि तिसरीचं नाव काढायचं नाही. मी चिलखत नि तोफ घेतली."

"भाजी घ्या."

"समोर दीडशे मिलिमीटर पोलाद. बाजूला ऐंशी. मागे साठ. आता तू म्हणशील, सगळीकडे सारखं का नाही?"

"मी नाही म्हणत."

"कारण शत्रू समोर असतो! समोरचं जाड ठेवायचं नि तोंड शत्रूकडे ठेवायचं. शिवाय पत्रा उभा लावायचा नाही, तिरका लावायचा. तिरक्या पत्र्यावर गोळा आदळला की एक तर त्याला जास्त पोलाद कापावं लागतं, नाहीतर तो घसरून जातो. हे बघ." असं म्हणून चौबळांनी ताट तिरकं धरलं आणि त्यावर लिंबाची फोड मारून दाखवली. फोड घसरली. आमटीही घसरली. मुलगी उत्तरा कॉलेजात होती. ती ताट उचलून स्वयंपाकघरात निघून गेली आणि आतून म्हणाली, "बाबा, तो रणगाडा आहे की रोडरोलर?"

हा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. ऐरावत पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत माणूस कपडे वाळत घालून येऊ शकत असे. त्याचा वरचा घुमट, ज्यात तोफ असते, तो वळायला लागला की घड्याळाच्या तासकाट्याची आठवण यायची. सलग पळवला तर इंजिन तापून तो जागीच थांबायचा. ही सोय चौबळांनी मुद्दाम ठेवली होती. "असंच असतं," ते अभिमानाने म्हणायचे. शत्रूचे रणगाडे मात्र हलके होते. त्यांना चौबळांनी 'टिटवी' असं तुच्छतेने नाव दिलं होतं. टिटव्या सुसाट पळायच्या आणि पटापट मरायच्या, निदान मराव्यात अशी अपेक्षा होती.

सोसायटीचे सेक्रेटरी बाळ गुप्ते हे वर्गणीच्या निमित्ताने आले आणि त्यांनी ऐरावत पाहिला. बाळ हे नाव पन्नाशीनंतरही अंगाला चिकटलेल्या या माणसाला कुठलीही गोष्ट दिसली, की ती गणपतीत कशी वापरता येईल, एवढंच दिसायचं.

"श्याम, यार, हे झकास आहे!" ते ओरडले. "त्या समोरच्या चंद्रलोकवाल्यांनी यंदा गणपतीसाठी व्हिडिओ गेमचं मशीन भाड्याने आणलंय. विमानं उडवतायत साले. आपला घरचा खेळ! मेड इन स्नेहदीप! मंडपात टीव्ही लावू, लायनी लागतील."

"लागतील," चौबळ शांतपणे म्हणाले. त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

"आमचा टीव्ही?" वसुधाबाईंनी विचारलं. पण तोवर बाळ गुप्ते जिन्यात पोहोचले होते.

दुसऱ्या दिवशी फाटकाशेजारच्या फळ्यावर रंगीत खडूने सूचना लागली. 'स्नेहदीपमध्ये प्रथमच! साठ टनी हेवी टँक! शिल्पकार श्री. चौबळ. उद्घाटन गणेश चतुर्थीला.' आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांतच दुपारी चौबळांच्या दाराशी एक सद्गृहस्थ येऊन उभे राहिले. कातडी बॅग, कानावर पेन्सिल. पाणीखात्यातून आलो, म्हणाले. चौबळांना सर्दी झाल्यामुळे ते घरी होते, हे स्नेहदीपचं दुर्दैव.

"टँक आपलाच का?"

"माझाच," चौबळ म्हणाले. त्यांचा ऊर भरून आला. महिनाभरात आपणहोऊन चौकशी करणारा हा पहिला माणूस होता. "या, बसा. वसुधा, चहा टाक."

"तक्रार आलीय हो. विनापरवाना टँक बसवलाय म्हणून. वजन किती?"

"साठ टन."

पाणीखात्याने पेन्सिल कानावरून काढली. "साठ? कुठाय तो? गच्चीवर?"

"छे. इथेच. हॉलमध्ये."

गृहस्थांनी हळूच पाय वर उचलून जमिनीकडे पाहिलं. "दुसऱ्या मजल्यावर साठ टन? पत्रा किती जाडीचा?"

"समोरून दीडशे मिलिमीटर!" चौबळ पुढे सरसावले. "बाजूने ऐंशी. तुम्ही विचाराल, सारखा का नाही..."

"गळतो का?"

"गळेल कसा? नदीतून जातो."

"नदीतून?" गृहस्थ आता भराभर लिहीत होते. "म्हणजे पाणी नदीचं घेता? कनेक्शन कुठलं?"

"कनेक्शन टीव्हीचं."

इथे वसुधाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे आणि एकदा पाहुण्याकडे पाहिलं आणि निव्वळ माणुसकीने टीव्ही लावून दाखवला. पडद्यावर ऐरावत मुंगीच्या पावलाने निघाला. पाणीखात्याने चहाचा घोट घेत तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "मंद आहे हो फार." आणि बॅग बंद करून गेले.

प्रकरण तिथे मिटायला हवं होतं. पण कागद निघाला की निघालाच. आठवड्यात नोटीस आली, 'सदर अनधिकृत टाकी सात दिवसांत हटवावी.' बाळ गुप्ते तणतणत वॉर्डाच्या कचेरीत गेले आणि टाकी नव्हतीच, असं त्यांनी तिथल्या कारकुनाला सांगितलं. कारकून समजूतदार होता. "नव्हती तर नोटीस कशी निघेल, साहेब? तुम्ही असं करा, हटवली म्हणून लिहून द्या. सोबत रिकाम्या जागेचा फोटो जोडा. मी फाइल बंद करतो."

मग फोटोवाला बोलावून रिकाम्या गच्चीचा फोटो काढण्यात आला. नुसती गच्ची फार उदास दिसते म्हणून फोटोवाल्याने चौबळांना कडेला उभं केलं. खरी अडचण पुढे आली. 'टाकी हटवली आहे' या वाक्याखाली सही करायला चौबळ तयार होईनात.

"बाळ, ऐरावत हटत नसतो," ते म्हणाले. "आणि तो टाकी नाही."

"अरे श्याम, तू सही कर ना बाबा! माझी वाट लागेल!"

चौबळांनी सही केली, पण तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'सदर वाहन पोलादी असून कार्यक्षम आहे.' बाळ गुप्त्यांनी तेवढी पट्टी कात्रीने कापून टाकली. चौबळ त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

गणपतीच्या आदल्या रविवारी मंडपात रंगीत तालीम ठरली. टीव्ही खाली नेताना वसुधाबाई जिन्याच्या प्रत्येक वळणावर "सांभाळून!" म्हणत होत्या आणि चौबळ कॅसेट छातीशी धरून मागून येत होते. लाउडस्पीकरवाल्याला बाळ गुप्त्यांनी सांगितलं होतं, की आवाज दणदणीत पाहिजे. त्या बिचाऱ्याने हुकूम पाळला आणि कॅसेट प्लेअरची वायर सरळ कर्ण्याला जोडली.

चौबळांनी बटण दाबलं. मांजराच्या शेपटीवर पाय पडल्याचा तो आवाज आता हजार मांजरांचा होऊन नाहूरपर्यंत गेला. कावळे उडाले. चंद्रलोकच्या सगळ्या बाल्कन्या माणसांनी भरल्या. गेटवर कोणाचं तरी दूध सांडलं. लाउडस्पीकरवाला वायर उपटायला धावला, तर चौबळ हात पसरून त्याला आडवे गेले. "काढू नका! मधे तोडलं तर पहिल्यापासून भरावं लागेल!" आणि म्हणून तो आवाज पूर्ण पाच मिनिटं, शेवटच्या किंकाळीपर्यंत, संपूर्ण मुलुंडने ऐकला.

त्यामुळे गर्दी मात्र तुफान जमली. चौबळांनी पँटला हात पुसले आणि ऐरावत हाकायला घेतला. तो निघाला. लोक वाट पाहत राहिले. तो आणखी थोडा निघाला. मग वाटेत दलदल लागली. पडद्यावर ती हिरवट ठिपक्यांनी दाखवली होती. दलदलीत जड रणगाड्याचा वेग किती कमी व्हावा, याचं गणित चौबळांनी इतक्या प्रामाणिकपणे मांडलं होतं, की वजा करता करता वेग शून्याच्याही खाली गेला. ऐरावत क्षणभर थबकला आणि उलटा चालायला लागला. आणि काय सांगावं, उलटा तो चांगलाच जोरात पळत होता. आला तसा मागे मागे जात पडद्याच्या कडेतून बाहेर पडला आणि दिसेनासा झाला. पडदा पांढरा झाला.

मग चंद्रलोकच्या बाल्कनीतून कोणीतरी ओरडलं, "अरे, स्नेहदीपचा रणगाडा घाबरून घरी गेला!" आणि दोन्ही सोसायट्या एकदमच हसल्या. स्नेहदीपसुद्धा हसली, याचं चौबळांना जास्त लागलं.

ओरडणारा होता लवू परब. चंद्रलोकच्या तळमजल्यावर राहायचा, फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्ट होता. त्याची बोटं इतकी चपळ होती, की भाड्याच्या मशीनवरची विमानं त्याला दिसली की स्वतःच पडायची. तो मंडपापाशी आला आणि गोड आवाजात म्हणाला, "काका, तुमचो रणगाडो बरो आसा. पण माका टिटवी द्या. मी त्याका मिनिटात उडवतंय."

"समोरून?" चौबळांनी विचारलं.

"खयसून पण."

"तर ऐक, लवू." चौबळ टीव्हीशेजारच्या स्टुलावर उभे राहिले. स्टूल त्यांनीच बनवलेलं असल्यामुळे ते डगमगलं नाही. "गणपतीतल्या शनिवारी, सगळ्यांसमोर. तू टिटवी घे. मी ऐरावत घेतो. माझा ऐरावत फोडून दाखव, मी हा खेळ पुसून टाकीन."

टाळ्या पडल्या. बाळ गुप्त्यांनी कपाळाला हात लावला. वसुधाबाई टीव्हीची धूळ पुसत होत्या, त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "शनिवारी सिनेमा असतो."

आता दलदलीचा बंदोबस्त करायला हवा होता. सल्ला द्यायला पहिल्या मजल्यावरचे भाऊराव आले. ते सैन्यातून निवृत्त होते. सैन्यात ते धान्याच्या कोठारावर होते ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही, फक्त कधी सांगितली नाही. "चौबळ, हत्ती बघा," भाऊराव म्हणाले. "एवढा जड, पण चिखलात रुतत नाही. का? पाय रुंद! तुमच्या रणगाड्याचे पट्टे रुंद करा. वजन पसरतं."

सल्ला चोख होता. चौबळांनी पट्टे रुंद केले. पण रुंद पट्टे जड असतात. वजन वाढलं. वजन वाढलं म्हणून इंजिन मोठं केलं. मोठं इंजिन मावेना म्हणून धूड लांब केलं. धूड लांब झालं तेव्हा तेवढ्या लांबीला चिलखत आलं. चिलखत आलं म्हणून वजन वाढलं. वजन वाढलं म्हणून पट्टे पुन्हा रुंद करावे लागले. या चक्रात चौबळ दोन दिवस गरगरत होते. पुस्तकात त्यांनी वाचलं, की खरे रणगाडे बनवणारेही असेच गरगरले होते, तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. आपण एकटे नाही, आपण एका मोठ्या परंपरेत आहोत, असं त्यांनी वसुधाबाईंना सांगितलं. वसुधाबाई मोदकांची उकड काढत होत्या. "परंपरेला म्हणावं, जरा खोबरं खवून दे," त्या म्हणाल्या. चौबळांनी नारळ खवता खवता त्यांना घुमटाच्या जाडीविषयी सांगितलं.

एवढं सगळं घातल्यावर कॉम्प्युटरची स्मरणशक्ती भरली. पडद्यावर 'जागा नाही' अशा अर्थाचा मजकूर आला. चौबळांनी जड मनाने झाडं काढली. तेही पुरेना तेव्हा स्फोटाचा आवाज काढला. शेवटी नदीवरचा पूलही काढला. आता एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला दलदल आणि मधे दोन टेकड्यांमधली एक खिंड, एवढंच रणांगण उरलं. पण ऐरावत चिखलात पुढे चालायला लागला आणि नव्या इंजिनामुळे मोकळ्या मैदानात चक्क पळायला लागला. म्हणजे चौबळांच्या भाषेत पळायला.

शनिवार उजाडला. संध्याकाळच्या आरतीआधी मंडप दोन्ही सोसायट्यांनी गच्च भरला. या वेळी कर्ण्याची वायर बाळ गुप्त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली होती. लवू परब बोटं मोडत आला, गणपतीला नमस्कार करून टीव्हीपुढे बसला. एकच कॉम्प्युटर, डावीकडची बटणं चौबळांची, उजवीकडची लवूची. दोघांची कोपरं एकमेकांत अडकत होती.

डाव सुरू झाला, आणि चौबळांकडून ती चूक झाली जी नवी गाडी घेतलेला प्रत्येक माणूस करतो. त्यांना इंजिन दाखवायचं होतं. ऐरावत खिंडीतून बाहेर पडला आणि मैदानात धावत सुटला. "बघा!" चौबळ लोकांकडे वळून म्हणाले. "साठ टनांवर गेलंय आता वजन, पण चाल बघा!" लवूची टिटवी त्याला वळसा घालून मागे गेली. चौबळांनी घुमट फिरवायला घेतला. घुमट फिरत होता, फिरत होता. तेवढ्यात इंजिन तापलं आणि ऐरावत मैदानाच्या मधोमध उभा राहिला. लवूने सावकाश, कपाळावर आठीही न पाडता, मागच्या साठ मिलिमीटरवर तीन गोळे मारले. आवाज काढून टाकलेला असल्यामुळे ऐरावत मुकाट्याने फुटला.

हसण्याचा जो गडगडाट झाला, त्याला मात्र आवाज होता. बाळ गुप्ते हसत नव्हते. ते खाली मान घालून चपलेचा पट्टा बघत होते. "काका, पुसतास मा आता खेळ?" लवूने विचारलं. त्याच्या आवाजात दुष्टावा नव्हता, त्यामुळे उत्तर देणं आणखी कठीण होतं. चौबळ उठून उभे राहिले. त्यांना इंजिनाचं तापमान समजावून सांगायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण मागच्या रांगेतून कोणीतरी रोडरोलरचा आवाज काढला आणि पुन्हा सगळे हसले. चौबळांनी तोंड मिटलं. माणसाने इतक्या ताठ मानेने उभं असावं आणि इतकं एकटं दिसावं, हे उत्तराला बघवेना. तिने आईकडे पाहिलं.

वसुधाबाई टीव्ही घरी न्यायला म्हणून आल्या होत्या. हातात टीव्हीवर घालायचं भरतकामाचं आच्छादन होतं. महिनाभर त्यांनी त्या रणगाड्याला जेवढं बोलून घेतलं होतं, तेवढं चंद्रलोकला वर्षभरात सुचलं नसतं. पण ते घरात. त्यांनी आच्छादनाची घडी घातली, ती उत्तराकडे दिली आणि पुढे आल्या.

"सरका," त्या चौबळांना म्हणाल्या.

"अगं वसुधा, तुला बटणं..."

"सरका म्हटलं ना. लवू, खेळ ते खेळतील तर ऐरावत त्यांचा, मी खेळेन तर माझा. घरातला एक माणूस हरला म्हणून घर हरत नाही. बस."

"काकी, तुमच्यावर कसो हात उचलू?" लवू हसत म्हणाला, पण बसला.

डाव सुरू झाला. वसुधाबाईंनी ऐरावत पुढे आणला, पण चार पावलंच. खिंडीच्या तोंडाशी आणून त्यांनी तो उभा केला, तोंड समोर, दोन्ही कुशी टेकड्यांत. मग बटणांवरून हात काढून मांडीवर ठेवले.

टिटवी आली. डावीकडे गेली, तिथे नदी. उजवीकडे गेली, तर दलदलीत अडखळून परत फिरली. पूल नव्हता. लवूने समोरूनच एक गोळा मारला. गोळा तिरक्या पत्र्यावर आपटून वरच्या वर उडून गेला. दुसरा मारला. तोही गेला.

"काकी, जरा हला तरी!"

"मला कुठे जायचंय?" वसुधाबाई म्हणाल्या.

लवूची बोटं चालत होती. नुसती चालत नव्हती, बटणांवर पाऊस पाडत होती. टिटवी इकडून तिकडे, तिकडून इकडे, पिंजऱ्यातल्या उंदरासारखी धावत होती. ऐरावत हलत नव्हता, तापत नव्हता, रुतत नव्हता. दाराशी आलेल्या विक्रेत्याला आतसुद्धा न घेणाऱ्या बाईसारखा तो नुसता उभा होता. मंडपात आता कोणी हसत नव्हतं. "वहिनी, खिंड लढवा!" बाळ गुप्ते एकदम किंचाळले आणि भाऊरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

शेवटी लवूचा धीर सुटला. एवढ्या चपळ बोटांना थांबायची सवयच नव्हती. जवळून मारलं तर चिलखत फुटेल, असं त्याला वाटलं असावं. टिटवी सरळ ऐरावताच्या तोंडाशी आली. वसुधाबाईंनी मांडीवरचा एक हात उचलला, एक बटण दाबलं आणि हात परत मांडीवर ठेवला.

टिटवी जिथे होती तिथे आता काहीच नव्हतं.

"मेलंय!" लवू म्हणाला, आणि आधी तोच टाळ्या वाजवायला लागला. मग मंडप दणाणला. बाळ गुप्त्यांनी ताशेवाल्यांना खूण केली. ते आरतीसाठी थांबले होते, पण त्यांनी लगेच हात मोकळे करून घेतले. चंद्रलोकच्या बायका वसुधाबाईंना हळदीकुंकवाला बोलवायला पुढे आल्या.

"पण काकी, ह्या तुमका कळला कसा?" लवूने विचारलं. "काका स्वतः बनवतत, त्यांका जमूक नाय."

"कळायचंय काय त्यात?" वसुधाबाई म्हणाल्या. "जड वस्तू पळवायची नसते. पळायचं ते टिटव्यांनी. याचं समोरचं चिलखत दोनशे मिलिमीटर आहे, तेही तिरकं, गोळा घसरतोच. बाजूला निम्मंसुद्धा नाही. मग बाजू दाखवायचीच कशाला? तोंड शत्रूकडे ठेवायचं नि गप्प उभं राहायचं. रणगाडा म्हणजे तडजोड असते, लवू. दोन गोष्टी घ्यायच्या, तिसरीचं नाव काढायचं नाही."

मागे उभे असलेले चौबळ ऐकत होते. जेवताना, खोबरं खवताना, भाजी निवडताना ते महिनाभर भिंतीशी बोलत आले होते, अशी त्यांची समजूत होती. भिंत आता माइकशिवाय अख्ख्या मंडपाला समजावून सांगत होती आणि लोक माना डोलावत होते. फक्त समोरचं चिलखत दोनशे नव्हतं, दीडशे होतं. चौबळांनी चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, चुकीचा आकडा त्यांनी कोणाचाही सोडला नव्हता, साहेबाचासुद्धा नाही. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती हातवारे करून लवूला तिरका पत्रा दाखवत होती, पूजेच्या ताटाने. चौबळांनी तोंड मिटून घेतलं.

रविवारी सकाळी वसुधाबाई भाजीला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा टीव्ही चालू होता, पुढे चौबळ मांडी घालून बसले होते आणि पडद्यावर आकड्यांच्या ओळी होत्या. खेळात ऐरावत आदल्या दिवशीपेक्षाही सावकाश चालत होता. दोनशे मिलिमीटरचं ओझं काही थोडं नसतं.

"आता आणखी काय बिघडलं त्याचं?" पिशवी खाली ठेवत वसुधाबाईंनी विचारलं.

"काही नाही," चौबळ म्हणाले. "माझा एक आकडा चुकला होता."